जुळ्या सिलिंडरची टूरर (लांब प्रवासाची गाडी) येतेय म्हणे... मागच्या सीटचं काय?

गोदाकाठचा गडी | रविवार, रात्री ९.४०

आज सकाळी त्र्यंबक रोडला नेहमीच्या टपरीवर चहा चालला होता. ग्रुपमधल्या एका पोराने मोबाइल पुढे केला. फोटोत काळ्या पट्ट्यांनी गुंडाळलेली गाडी, चाचणीच्या गाडीची लाल पाटी, मागे कुठला तरी टोलनाका. "काका, हीच ती. एनफिल्डची दोन सिलिंडरची हिमालयन." झालं! पुढचा अर्धा तास नऊ जणांनी त्या एका धूसर फोटोवरून भविष्य वर्तवलं. एकाने सायलेन्सरच्या जाडीवरून सीसी काढले, दुसऱ्याने टाकीच्या फुगवट्यावरून लिटर सांगितले, तिसऱ्याने तर ऑन-रोड किंमत सांगितली, तीही नाशिकची. त्र्यंबकचे गुरुजीसुद्धा पत्रिका हातात घेतल्याशिवाय एवढं बोलत नाहीत.

घरी येऊन हे सगळं बायकोला सांगितलं. ती कांदा चिरत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि मागची सीट?"

नऊ जणांच्या अर्ध्या तासात मागच्या सीटबद्दल चकार शब्द निघाला नव्हता. म्हणून हा चर्चेचा धागा.

आधी माझं सांगतो. वय ४७, अंबडला जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप. साडेतीनशे सीसीची गाडी, ९ वर्षं जुनी, ६८ हजार किलोमीटर झालेली. हंपी, दीव, गणपतीपुळे, सगळं डबलसीट. एकट्याने लांबचा प्रवास मी एकदाच केला आणि मालेगावच्या पुढे कंटाळून परत आलो. दिवाळीपर्यंत गाडी बदलायची आहे, त्यामुळे थांबावं की आहे त्यातलं घ्यावं हा प्रश्न माझ्यासाठी खरा आहे.

माझे अंदाज असे. रॉयल एनफिल्डकडे ६४८ सीसीचं जुळं इंजिन २०१८ पासून आहे. ४७ पीएस (ताकदीचं एकक), इंटरसेप्टरपासून सुपर मिटिओरपर्यंत सगळीकडे तेच. आताची हिमालयन ४५२ सीसी, ४० पीएस, १९६ किलो. म्हणजे ताकदीत फरक फार नाही, पण सुपर मिटिओर २४१ किलोची आहे हे विसरू नका. दोन सिलिंडर घालून, वर मोठी टाकी आणि लांब शॉकअब लावून टूरर बनवली तर ती २२० च्या खाली राहील असं मला वाटत नाही. टाकी आताच्या १७ लिटरपेक्षा लहान करणार नाहीत. क्रूझ कंट्रोल (मूठ न पिळता गाडी ठरलेल्या वेगात ठेवणारी सोय) येईल, कारण थ्रॉटलची वायर जाऊन तिथे इलेक्ट्रॉनिक्स आल्यावर बाकीचं बरंचसं सॉफ्टवेअरचं काम असतं.

आता बायकोची यादी. तिने सांगितलं तसं लिहितो, माझं त्यात काही नाही.

"फूटरेस्ट वर असले की गुडघे पोटात येतात. सिन्नरपर्यंत चालतं, संगमनेरला पाय सरळ होत नाहीत. सीट पुढे उतरती असते, तू ब्रेक मारलास की मी घसरत तुझ्या पाठीवर. मग मागे सरकायचं, परत घसरायचं. हेल्मेटवर हेल्मेट आपटतं ते वेगळंच. उजव्या पोटरीला सायलेन्सरची धग लागते. मागे धरायला कडी असते, तिच्यावर तूच बॅग बांधतोस, मग मी धरू काय? आणि ती पुढची काच लावलीस ना हौसेने, तिच्यावरून उडालेला वारा सगळा माझ्या तोंडावर येतो. तू आपला निवांत."

काचेचं मला खरंच माहीत नव्हतं. नऊ वर्षं!

तर मंडळी, पुढच्या टूररमध्ये काय येईल आणि काय यायला हवं, दोन्ही लिहा.

पंचवटीचा पवन | रविवार, रात्री १०.०५

काका, काकूंना दंडवत. पण तुम्ही जरा जुन्या जमान्यात आहात. पुढची टूरर म्हणजे रंगीत डिस्प्ले, रायडिंग मोड, क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलायची सोय) आणि रडार. डुकाटीने मल्टिस्ट्राडा व्ही-४ ला २०२० मध्येच पुढे-मागे रडार दिलं. पुढची गाडी हळू झाली की आपली आपोआप हळू. पाच वर्षांत आपल्याकडे चार लाखांच्या गाडीत येईल, लिहून ठेवा. टीव्हीएसची अपाचे आरटीएक्स बघा, २९९ सीसी, ३६ पीएस आणि क्रूझ कंट्रोल. दहा वर्षांपूर्वी कोणी म्हणालं असतं का?

गोदाकाठचा गडी | रविवार, रात्री १०.२०

पवन, रडार येऊ दे रे. पण पिंपळगाव बसवंतला लिलावाच्या दिवशी राँग साइडने येणारी कांद्याची ट्रॉली, मागे दिवा नाही, वर ताडपत्रीवर झोपलेला माणूस, हे त्या रडारला समजावून कोण सांगणार? ते बिचारं दर दोन मिनिटांनी ब्रेक मारेल, आणि मग काकू परत माझ्या पाठीवर.

क्रूझ कंट्रोलच्या बाजूने मात्र मी आहे. उजव्या मनगटाला धुळ्यापर्यंत मुंग्या येतात.

टूलरूमवाला | रविवार, रात्री ११.१५

सातपूरला वीस वर्षं टूलरूममध्ये आहे, म्हणून थोडं इंजिनाबद्दल.

एनफिल्डच्या जुळ्या इंजिनात क्रँक (पिस्टन जोडलेला फिरता दांडा) २७० अंशांची आहे. म्हणजे दोन पिस्टन बरोबरीने वरखाली होत नाहीत. एक वर पोचून थांबतो तेव्हा दुसरा मधोमध, पूर्ण वेगात असतो. त्यामुळे हादऱ्यांचा एक हिस्सा आपसातच कटतो, उरलेला बॅलन्सर शाफ्ट खातो. ठोके समान अंतराने पडत नाहीत म्हणून तो धडधडता आवाज येतो, जो आपल्या लोकांना हवाच असतो. टूरिंगला हे इंजिन चांगलं. माझ्या मते ताकदीसाठी नाही, मागच्या फूटरेस्टवर येणाऱ्या हादऱ्यांसाठी. एका सिलिंडरच्या गाडीत पुढच्याला हँडल आणि टाकीवरून अंदाज येतो, तो गिअर बदलून सुटका करून घेतो. मागच्याच्या तळपायाला मुंग्या येतात आणि तो बोलत नाही.

वहिनींच्या "घसरत पुढे येते" बद्दल: मुख्य दोष सीटच्या उताराचा, पण एक चूक तुमचीही. मागचा शॉकअब एकट्या माणसासाठी लावलेला असतो. डबलसीट आणि सामान टाकलं की मागून गाडी बसते. हेडलाइट वर आभाळात, समोरचा ट्रकवाला डिपर मारतो, वळणावर गाडी जड लागते. त्यासाठी स्प्रिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब) वाढवायचा असतो. गाडीच्या टूलकिटमध्ये तो वाकडा, आकड्यासारखा पाना असतो, तो त्याचसाठी. शंभरातल्या नव्वद जणांनी तो कधी बाहेर काढलेला नसतो. मोठ्या गाड्यांमध्ये बाजूला एक फिरवायची मूठ असते, हाताने चार आटे फिरवले की काम झालं. पुढच्या टूररमध्ये मला रडार नको, ती मूठ द्या. एक छोटा हायड्रॉलिक पंप आणि नळी, बाकी त्यात काही नाही.

तुमचं आणि सामानाचं वजन किती होतं एकूण?

गोदाकाठचा गडी | रविवार, रात्री ११.३०

मी ८२, ती ६४ (हे इथे लिहिलंय हे तिला सांगू नका), दोन बाजूच्या बॅगा १२-१२, मागचा डबा ८. झाले १७८. पाना टूलकिटमध्ये आहे, प्लास्टिकच्या पिशवीसकट. शरमेने सांगतो, तुम्ही म्हणता तसाच.

टूलरूमवाला | रविवार, रात्री ११.३४

मग गाडी घेताना माहितीपत्रकात ग्रॉस व्हेइकल वेट (माणसं-सामानासकट चालणारं जास्तीत जास्त वजन) बघा. त्यातून कर्ब वेट (नुसत्या गाडीचं वजन) वजा करा. उरेल ते तुम्ही, वहिनी आणि सामान. पीएसच्या आधी हा आकडा. कर्ब वेटमध्ये पेट्रोल धरलेलं असतं, पण तुम्ही लावलेला लोखंडी क्रॅशगार्ड आणि कॅरिअर धरलेलं नसतं.

हिशेबी | सोमवार, सकाळी ८.५०

सगळे फोटो बघताय, जीएसटी कोणी बघत नाही. पुढच्या टूररचं इंजिन किती सीसीचं असेल हे २२ सप्टेंबर २०२५ लाच ठरलं आहे.

त्या दिवसापासून ३५० सीसीपर्यंतच्या गाडीवर २८ वरून १८ टक्के झाले. त्याच्या वर आधी २८ अधिक ३ सेस, म्हणजे ३१ होते, ते थेट ४०. करापूर्वी २ लाखांची गाडी धरा. ३४९ सीसीची असेल तर २ लाख ३६ हजार. ३५१ ची असेल तर २ लाख ८० हजार. दोन सीसीला ४४ हजार! आणि हे शोरूमच्या किमतीत, त्यावर रोड टॅक्स आणि विमा वेगळा.

आता कंपनीच्या जागी बसा. रेषा ओलांडली की ४५० ला ४० आणि ६५० लाही ४०. मग ती म्हणणार, गोदावरीत उतरलोच आहोत तर गुडघाभर पाण्यात कशाला, डुबकीच मारू. म्हणून माझा अंदाज: एकीकडे ३५० च्या आत बसवलेल्या, पण अंगाने मोठ्या दिसणाऱ्या टूरर, आणि दुसरीकडे थेट दोन सिलिंडर. मधलं ४०० चं घर हळूहळू ओस पडेल. बजाजची डोमिनार ३७३ सीसी, केटीएम ३९० ॲडव्हेंचर जवळपास ३९९. रेषा अगदी हाताच्या अंतरावर आहे. बजाजच्या चाकण कारखान्यात कोणी सीसी कमी करायला बोअर-स्ट्रोकची (सिलिंडरच्या मापांची) आकडेमोड करत बसलं नसेल तरच नवल.

पंचवटीचा पवन | सोमवार, सकाळी ९.१०

म्हणजे आमच्या तोंडचा घास गेला. ३९० साठी दोन वर्षं पैसे साठवतोय.

हिशेबी | सोमवार, सकाळी ९.१२

साठवत राहा.

सव्वापाच फुटी | सोमवार, दुपारी १.३०

लंच ब्रेकमध्ये लिहितेय, त्यामुळे घाईत. धागा मागच्या सीटचा आहे, पण "काकू मागे, काका पुढे" हे सगळ्यांनी गृहीतच धरलंय. आमच्याकडे मी चालवते, मागे नवरा बसतो. ८० किलो. त्याची तक्रार काकूंसारखीच आहे, फक्त तो ती गाडीवरून उतरल्यावर इतरांसमोर सांगतो.

माझी अडचण उंची. नाव सव्वापाच फुटी घेतलंय, खरी पाच फूट दोन इंच. हिमालयनची सीट ८२५ मिलिमीटर, वर करून ८४५. मला एकाच पायाचा चवडा टेकतो. मोकळ्या रस्त्यावर काही वाटत नाही. पण रविवार कारंजा चौकात, उतारावर, मागे ८० किलो आणि समोर रिक्षावाल्याने अचानक थांबायचं ठरवलं, की त्या एका चवड्यावर सगळा संसार. सुपर मिटिओरची सीट ७४० आहे, दोन्ही तळवे टेकतात, पण तिच्यावर हरिहर गडाच्या पायथ्याचा रस्ता नको वाटतो.

हार्लेच्या पॅन अमेरिकाला २०२१ पासून एक सोय आहे, गाडी थांबायला आली की सस्पेन्शन आपोआप खाली बसतं आणि निघाली की वर येतं. पुढच्या टूररमध्ये मला हे एक मिळालं तरी बाकी काही मागणार नाही. मिळणार नाही हेही माहीत आहे. निदान शोरूममध्ये खालची सीट चढवलेली एक गाडी टेस्ट राइडला ठेवा. दर वेळी "मॅडम, सवय होते" हे ऐकायची मला आता सवय झालीय.

पेठ फाटा | सोमवार, संध्याकाळी ७.४५

सव्वापाच फुटी ताईंना १००% अनुमोदन. पण रोग उंची नाही, वजन आहे.

मागच्या जुलैत मी एकटाच पेठकडे निघालो होतो. कोटंबी घाट उतरून एका पाड्याकडे जाणारा कच्चा रस्ता घेतला, धबधबा बघायचा म्हणून. लाल चिखल. मागचं चाक गेलं आणि गाडी आडवी. मीही आडवा, पण मला लागलं नाही. माझी एक्सपल्स २००, १६० किलोच्या आत. पाठ सीटला टेकवली, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची कडी धरली, ढुंगणाने रेटत पायांच्या जोरावर मागे चालत गेलो, गाडी उभी. करताना गाडी गिअरमध्ये टाकायची आणि ती स्टँडच्या उलट बाजूला पडलेली असेल तर आधी साइड स्टँड उघडून ठेवायचा. कमरेत वाकून उचलायला गेलात तर गाडी उठेल, तुम्ही नाही. तेव्हा पाऊस असा होता की तासभर कोणी माणूस दिसला नाही. २३० किलोची जुळी असती तर मी अजून तिथेच असतो. पाड्यावरच्यांनी आतापर्यंत रेशन कार्ड काढून दिलं असतं.

मोठ्या गाड्या घेणाऱ्यांचं काय होतं ते बघतोय मी. रविवारी गंगापूर रोडला मिसळ, मग फोटो, मग घरी. ज्या वाटेसाठी गाडी घेतली ती वाट वजनाच्या भीतीने टाळायची.

गोदाकाठचा गडी | सोमवार, रात्री ८.३०

पेठ फाटा, मान्य. पण तुम्ही एकटे जाता. एक्सपल्सवर आम्ही दोघं आणि दोन बॅगा चढवल्या तर चढावर ती गाडीच आम्हाला विचारेल, कोण उतरतंय?

मिसळीबद्दल मात्र वाकडं बोलू नका. मिसळीला नाशिककर गाडीवरून नाही तर काय विमानाने जाणार?

दिंडोरीचा द्राक्षवाला | सोमवार, रात्री ९.००

आमची स्प्लेंडर. ९७ सीसी. मी, मंडळी आणि मध्ये पोरगं, पंढरपूरला जाऊन आलो आषाढीच्या आधी. मागची सीट सपाट, सायलेन्सर लांब, साडीगार्ड कंपनीचं, ॲव्हरेज ७०. तुमची सगळी यादी त्यात बसते ना भो.

पंचवटीचा पवन | सोमवार, रात्री ९.०४

धागा इथेच बंद करा. जिंकले.

हिशेबी | सोमवार, रात्री ९.२०

साडीगार्डवरून आठवलं. ती कंपनीची मेहरबानी नाही, कायदा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२३. मागे बसणाऱ्याला धरायला कडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण. गंमत म्हणजे टूरिंगवाले गाडी घरी आणल्यावर पहिलं काम साडीगार्ड काढून बॅगांचा स्टँड लावण्याचं करतात. मागच्या माणसासाठी कायद्याने दिलेल्या तीन गोष्टींपैकी एक पहिल्याच दिवशी माळ्यावर.

पुढच्या टूररमध्ये बॅगांचा स्टँड आणि कपड्यांचं संरक्षण एकाच भागात करता आलं पाहिजे. ओढणी पंजाबी ड्रेसची असली तरी चाक विचारत नाही.

द्वारकाचा मिस्त्री | मंगळवार, रात्री १०.३०

दुकान बंद करून आलो, म्हणून उशीर. मला मोबाइलवर टाइप करायला वेळ लागतो, चुका समजून घ्या.

तुम्ही सगळे गाडी घेताना बघता. मी बंद पडल्यावर बघतो. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत सेन्सरवर लक्ष ठेवणारी यंत्रणा वाढली आहे, काही बिनसलं की पिवळा दिवा लागतो. दिवा का लागला हे बघायला स्कॅनर लागतो. साधा स्कॅनर माझ्याकडे आहे, कोड वाचतो. पण काही गाड्यांना कंपनीचंच मशीन लागतं.

गेल्या पावसाळ्यात एक जोडपं चांदवडच्या घाटात अडकलं. गाडीचं नाव सांगत नाही, इथे लगेच दोन गट पडतील. गाडी सुरू होते, गिअर टाकला की बंद. पुन्हा सुरू, गिअर टाकला की बंद. जवळचं कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाशिकला, म्हणजे ६० किलोमीटरच्या वर. त्यांना कोणीतरी माझा नंबर दिला. मी फोनवर विचारलं, चिखलातून आलात का? हो म्हणाले. म्हटलं साइड स्टँडच्या बुडाशी एक काळं बटण किंवा डबी दिसेल, त्यावर पिण्याच्या बाटलीतलं पाणी जोरात मारा, स्टँड दहा वेळा वरखाली करा. केलं. गाडी चालू. चिखल बसल्याने गाडीला वाटत होतं स्टँड खालीच आहे. तेवढ्यावर पाच तास उभे होते. बाई मागे बसून रडवेल्या झाल्या होत्या असं तो माणूस म्हणाला.

माझं म्हणणं साधं आहे. टूरिंग गाडी म्हणजे चांदवडला दुरुस्त होणारी गाडी. क्लच वायर तुटली तर वाटेत कुठेही मिळते. ब्रेक पॅड मिळतात. सेन्सर मिळत नाही. त्यामुळे कंपनीने एवढं करावं, कोणता सेन्सर बिघडला ते डिस्प्लेवर मराठीत नाही तर निदान साध्या इंग्रजीत लिहून दाखवावं. एवढा मोठा रंगीत डिस्प्ले देता, त्यावर गाणं कोणतं चाललंय ते दिसतं, स्टँडचा सेन्सर बिघडला हे दिसत नाही.

दुसरं, डबल स्टँड द्या. चेन पुसायला, तेल मारायला, पंक्चर काढायला मागचं चाक उचलून फिरवता आलं पाहिजे. पैसे आणि वजन वाचवायला काढून टाकतात आणि ॲक्सेसरी म्हणून विकतात.

तिसरं, स्पोकची चाकं देणार तर ट्यूबलेस द्या. साध्या स्पोकच्या रिमला भोकं आरपार असतात, हवा तिथून जाते म्हणून आत ट्यूब. पंक्चर झाली की चाक खोला, टायर उतरवा, चिमटलेली ट्यूब बदला. अर्धा तास माझा, दोन तास तुमचे. ट्यूबलेसला स्ट्रिप मारली की पाच मिनिटांत रस्त्यावर. हिमालयनला ती चाकं आता मिळतात.

टूलरूमवाला | मंगळवार, रात्री १०.५०

मिस्त्रींचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवा.

चेनबद्दल एक भर. शाफ्ट ड्राइव्ह आला तर तेल-पुसणं सगळं संपेल, असं दर वर्षी कोणीतरी म्हणतं. बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर गाड्यांना असतो, गोल्डविंगला असतो. पण वजन वाढतं, किंमत वाढते, आणि ती वाढ चाकाजवळ, जिथे वजन सगळ्यात जास्त जाणवतं. आपल्या किमतीत चेनच राहणार. डबल स्टँड असेल तर चेनचा त्रास दहा मिनिटांचा आहे.

सव्वापाच फुटी | बुधवार, सकाळी १०.१५

टाकीचं कोणी बोललं नाही. इथेनॉलमुळे ॲव्हरेज पडलंय हे सगळेच म्हणतात. हिशेब असा: इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. २० टक्के मिसळलं की एकूण ६-७ टक्के घट. ३० देणारी गाडी २८ देईल. १७ लिटरला ५१० ऐवजी ४७६ किलोमीटर. गाडी ई-२० साठी बनवलेली असेल तर फक्त एवढंच, जुन्या गाडीचे रबरी पाइप हा वेगळा विषय. कोकणात उतरलं की पंप शोधत फिरावं लागतं, त्यामुळे पुढच्या टूररची टाकी १७ च्या खाली गेली तर माझ्याकडून फुली.

पेठ फाटा | बुधवार, सकाळी १०.४०

टाकी मोठी म्हणजे वजन वर. म्हणजे पुन्हा माझाच मुद्दा. पण ताई रागावतील म्हणून गप्प.

पंचवटीचा पवन | बुधवार, सकाळी ११.००

अवांतर: एवढी ताकद घेऊन जाणार कुठे? समृद्धी इगतपुरीवरून जाते, ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला झाला, सगळी ७०१ किलोमीटर तयार. आणि दुचाकीला बंदी. नागपूरला जायचं तर आपण तेच चांदवड, मालेगाव, धुळे, जळगाव, अकोला.

हिशेबी | बुधवार, सकाळी ११.२०

अवांतर नाही, हाच मुद्दा आहे. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावरही दुचाकीला कमाल वेग ८०. म्हणजे आपली टूरर आयुष्यभर ७० ते ८० मध्ये चालणार. त्या वेगाला १७८ किलो घेऊन, पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये, कसाऱ्याचा घाट गिअर न बदलता चढणारी गाडी पाहिजे. त्याला पीएस नाही, खालच्या आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर लागतो. माहितीपत्रकात टॉर्कच्या पुढे किती आरपीएमला ते बघा.

पंचवटीचा पवन | बुधवार, दुपारी १२.०५

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

गोदाकाठचा गडी | शनिवार, रात्री ९.१५

उशिरा लिहितोय, कारण धाग्यातल्या गोष्टी करून बघत होतो.

टूलरूमवाल्यांचं ऐकून तो वाकडा पाना पिशवीतून काढला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. प्रीलोड दोन खाचा वाढवला. फिरवताना हाताचं साल गेलं, पण गेलं ते गेलं. मग बायकोला मागे बसवून, बॅगांत वर्कशॉपमधले लोखंडाचे तुकडे भरून, गंगापूर धरणापर्यंत जाऊन आलो. हेडलाइट रस्त्यावर पडला. ब्रेक मारल्यावर ती पहिल्यापेक्षा कमी सरकली. "कमी," असं ती म्हणाली. "बंद" म्हणाली नाही.

पुढची काच काढली. आता वारा माझ्या छातीवर येतो आणि मला कळलं ती नऊ वर्षं काय म्हणत होती.

काल दोन शोरूम फिरलो. ती घरून शिंप्याचा टेप घेऊन आली होती. विक्रेता पोरगा मला इंजिन समजावत होता आणि ही मागे उभी राहून सीटपासून फूटरेस्टपर्यंत माप घेत होती, आपल्या गाडीचं माप तिने हातावर पेनाने लिहून आणलं होतं. एक गाडी चार सेंटिमीटरने नापास. एक पास झाली, पण धरायच्या कडीवर तिथेही डब्याची पाटी बसते, त्यामुळे अर्धी पास. पोराला विचारलं, ग्रॉस वेट किती? तो आत जाऊन मॅनेजरला विचारून आला. मॅनेजर बाहेर येऊन माझ्याकडे बघून गेला.

निर्णय: दोन सिलिंडरवालीसाठी थांबतोय. ती आल्यावर टेप घेऊन जाऊ. तोवर या गाडीला नवा चेनसेट आणि सीटवाल्याकडून मागची सीट सपाट करून घेतो, भद्रकालीत एक जण चांगलं काम करतो.

उद्या सापुतारा. दिंडोरी नाक्यावर सकाळी ६ ला. कोण कोण?

दिंडोरीचा द्राक्षवाला | शनिवार, रात्री ९.३०

वणीच्या अलीकडे माझा मळा लागतो. चहाला थांबा. स्प्लेंडर घेऊन मागे येतो, हळू चालवा.

सव्वापाच फुटी | शनिवार, रात्री ९.४१

मी आणि ८० किलो. काकूंना टेप आणायला सांगा.

द्वारकाचा मिस्त्री | शनिवार, रात्री १०.५०

मी येत नाही, रविवारी दुकान चालू असतं. चेनला आज रात्रीच तेल मारून ठेवा, सकाळी मारलं तर सगळं मागच्या चाकावर उडतं. नंबर चालू आहे.